वखार, गोदाम, कोठार की दुकान? माल ठेवण्याच्या आणि विकण्याच्या जागेसाठी अचूक शब्द निवडण्याची पद्धत

भाडेकरार, दुकानाची पाटी, बाजारभावाची बातमी, शासकीय योजनेचे माहितीपत्रक आणि इंग्रजीतून केलेले भाषांतर या पाचही ठिकाणी माल ठेवण्याच्या व विकण्याच्या जागांची नावे सर्रास चुकतात. शब्द ठाऊक नसल्यामुळे ही चूक होते असे नाही, कारण वखार, गोदाम, कोठार, भांडार, पेढी, मंडई हे शब्द बहुतेकांना ठाऊक असतात. चूक होते ती क्रम उलटा धरल्यामुळे. लिहिणारा आधी एक शब्द मनात आणतो, तो बहुधा इंग्रजी असतो, मग शब्दकोशात त्यासमोर दिलेल्या चार मराठी शब्दांपैकी कानाला बरा वाटेल तो उचलतो आणि जागा त्या शब्दात कोंबतो. वास्तविक आधी जागा नीट पाहायची असते. तिथे काय चालते, माल कोणाचा, कोणता, जागा एक की अनेक, ती कशी बांधलेली आणि कोणत्या प्रदेशातली, एवढे ठरल्यावर शब्दांचे पर्याय आपोआप एकदोनवर येतात.

## तयारी: लिहायला बसण्याआधी

ज्या जागेबद्दल लिहायचे आहे तिची माहिती एका परिच्छेदात साध्या भाषेत, कोणतेही जागावाचक नाव न वापरता लिहून काढा. उदाहरणार्थ, ‘पत्र्याची मोठी शेड आहे, त्यात तीन व्यापाऱ्यांची हरभऱ्याची पोती आहेत, शेडच्या मालकाला महिन्याचे भाडे मिळते, तिथे विक्री होत नाही.’ एवढे लिहून झाले की निम्मे काम संपले.

सोबत मूळ कागद ठेवा. परवाना, सातबारा, कर नोंदणी, जुना करार किंवा संस्थेचे पत्र यांपैकी कशावरही त्या जागेचे नाव आधीच छापलेले असेल, तर ते तुमच्या आवडीपेक्षा वरचढ असते. ते कधी बदलायचे नाही, हे सातव्या टप्प्यात येईल.

इशारा: शब्दकोश या वेळी उघडू नका. द्विभाषिक कोशातील पर्याय समानार्थी म्हणून शेजारी छापलेले असले, तरी ते एकमेकांच्या जागी चालतात असे कोशकाराने म्हटलेले नसते.

## टप्पा १: तिथे नेमके काय चालते ते ठरवा

जागा साठवणीची, विक्रीची, उत्पादनाची की नुसत्या देवाणघेवाणीची, हा पहिला प्रश्न आहे आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

साठवण आणि उत्पादन यांची गल्लत होणारे ठळक उदाहरण म्हणजे मिठागर. शब्दाच्या शेवटी ‘आगार’सारखे काही ऐकू येते म्हणून अनेक जण त्याला मिठाचे कोठार समजतात, आणि काही जण तर ‘मिठागार’ असेच लिहितात. मिठागरात समुद्राचे पाणी उन्हात आटवून मीठ पिकवले जाते. साठवण हे तिथले मुख्य काम नव्हे. ‘आगर’ आणि ‘आगार’ हे दोन वेगळे शब्द आहेत. कोकणातले आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, तर धान्यागार, शस्त्रागार, कोषागार यांतले आगार म्हणजे ठेवण्याची जागा. एसटीचे आगार हेही दुसऱ्या प्रकारातले, कारण तिथे गाड्या ठेवल्या जातात.

उत्पादन आणि विक्री यांची गल्लत गुऱ्हाळाच्या बाबतीत होते. उसाच्या रसापासून गूळ तयार होतो ते गुऱ्हाळ. पेल्यातून रस विकला जातो ते रसवंतीगृह. बोलताना काही शहरांत रसाच्या दुकानालाही गुऱ्हाळ म्हणतात आणि त्यात काही वावगे नाही. मात्र परवान्याच्या अर्जात किंवा कोल्हापूरच्या गूळव्यवसायावरील लेखात हा सैलपणा चालत नाही. तेलाच्या घाण्याचे थोडे निराळे आहे. तिथे गाळप आणि विक्री एकाच छपराखाली होते, म्हणून मजकूर कशाविषयी आहे ते पाहून ‘तेलघाणा’ किंवा ‘तेलाचे दुकान’ यांतले एक ठरवावे.

खरेदी केंद्र हा शब्द लिहिताना बघण्याची बाजू सांभाळावी लागते. हमीभावाने तूर किंवा हरभरा घेतला जातो त्या ठिकाणी शेतकरी विकतो आणि यंत्रणा विकत घेते. नाव यंत्रणेच्या बाजूने पडलेले असल्यामुळे ‘शेतकऱ्यांनी खरेदी केंद्रावर तूर विकली’ हे वाक्य विसंगत वाटले तरी बरोबर आहे. ते ‘विक्री केंद्रावर’ असे दुरुस्त करणारे संपादक आहेत. त्यांनी दुरुस्त करू नये. दूध संकलन केंद्रही याच जातीचे.

राहिला भांडार. हा एकटा शब्द साठवण आणि विक्री या दोन्हींसाठी चालतो. कार्यालयातील भांडार हे साहित्य ठेवण्याचे ठिकाण असते आणि त्याची जबाबदारी भांडारपालाकडे असते. ग्राहक भांडार, वस्त्रभांडार, खादी भांडार ही मात्र दुकाने आहेत. म्हणून ‘भांडार’ एकटा कधीच लिहू नये, त्याआधी एक विशेषण किंवा मालाचे नाव हवेच.

तपासणी: तुमच्या तयारीच्या परिच्छेदात ‘विकतात’, ‘ठेवतात’, ‘बनवतात’ यांपैकी कोणते क्रियापद आले आहे? एकाहून अधिक आली असतील, तर मजकुराला ज्याच्याशी काम आहे तेवढे ठेवून बाकीची खोडा.

## टप्पा २: माल कोणाचा आहे ते पाहा

साठवणीच्या शब्दांमध्ये वखार, गोदाम आणि कोठार हे तिघे सतत एकमेकांच्या जागी घातले जातात. त्यांना वेगळे करण्याची खात्रीची खूण म्हणजे मालाची मालकी.

गोदाम हा सर्वांत व्यापक शब्द. व्यापाऱ्याचा, कारखान्याचा किंवा शासनाचा स्वतःचा माल जिथे राहतो ते गोदाम, आणि भाड्याने घेतलेली साठवणीची जागाही गोदामच. भारतीय अन्न महामंडळाची गोदामे आणि रास्तभाव दुकानांना धान्य पुरवणारी तालुक्याची शासकीय गोदामे हा शब्द बाळगतात. शंका असेल तेव्हा गोदाम लिहिले तर सहसा अंगाशी येत नाही.

आजच्या औपचारिक लेखनात वखार दोन ठिकाणी पक्की बसते. पहिले ठिकाण म्हणजे दुसऱ्यांचा माल शुल्क घेऊन, पावती देऊन सांभाळण्याचा व्यवसाय. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ आणि केंद्रीय वखार महामंडळ यांच्या नावांत हाच अर्थ आहे, आणि शेतमाल ठेवल्यावर मिळते ती ‘वखार पावती’. या पावतीवर तारण कर्ज मिळू शकते, म्हणून तिला ‘गोदामाची पावती’ असे सैल नाव देणे टाळावे. दुसरे ठिकाण म्हणजे लाकडाची किंवा कोळशाची वखार. इथे माल मालकाचा स्वतःचा असतो आणि तिथूनच विकलाही जातो. म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ मालकीच्या दृष्टीने परस्परविरुद्ध आहेत. त्यामुळे सलग मजकुरात दोन्ही येणार असतील, तर दुसऱ्यासाठी दर वेळी ‘लाकडाची वखार’ असे पूर्ण लिहावे.

कोठार हे मालकाचे स्वतःचे, आणि मुख्यतः धान्याचे. त्याला व्यापारापेक्षा संचयाचा वास अधिक आहे. घाऊक व्यापाऱ्याच्या सिमेंटच्या साठ्याला कोठार म्हटले की वाक्य एकदम पौराणिक होते.

विक्रीच्या बाजूला हीच कसोटी अडत दुकान ओळखायला लागते. दुकानदार स्वतः विकत घेतलेला माल विकतो. अडत्या दुसऱ्याचा माल विकून देतो आणि त्याबद्दल अडत घेतो. अडत हा शब्द मोबदला आणि व्यवसाय या दोन्ही अर्थांनी येत असल्यामुळे जागेसाठी ‘अडत दुकान’ असे जोडून लिहिणे बरे. ‘आडत’ असेही लिहिलेले आढळते. कोणतेही एक रूप घ्या, पण एका मजकुरात दोन नकोत.

इशारा: ‘गोडाऊन’ बोलण्यात सर्वत्र आहे आणि संवादात तो जरूर वापरावा. करारात किंवा अर्जात एकदा ‘गोदाम’ आणि पुढच्या कलमात ‘गोडाऊन’ आले, तर वाचणाऱ्याला या दोन वेगळ्या जागा वाटू शकतात.

## टप्पा ३: कोणता माल, ते विचारा

काही मालांनी आपापले शब्द राखून ठेवले आहेत, आणि तिथे सर्वसाधारण शब्द घातला की जाणकार वाचक लगेच थबकतो.

धान्याचा संसार सर्वांत मोठा आहे. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली ती कणगी. जुन्या वाड्यांत भिंतीला धरून बांधलेली, वरून धान्य ओतायची आणि खालच्या तोंडातून काढायची बंदिस्त जागा म्हणजे बळद. जमिनीत खणलेले ते पेव. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद पेवांतच साठवत. घरातली किंवा संस्थेतली शिधासामग्रीची खोली ती कोठी किंवा कोठीघर. या चारही जागांना ‘धान्याचे कोठार’ म्हणता येईल, पण मग वाचकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. ग्रामीण जीवनावरचा मजकूर असेल तर नेमका शब्द वापरावा आणि पहिल्या उल्लेखाबरोबर अर्ध्या वाक्यात त्याचे वर्णन करावे. तळटीप देऊ नये, कारण ती कोणी वाचत नाही.

कांद्यासाठी कांदाचाळ. शहरी भाषांतरकार ‘चाळ’ पाहून बिचकतो आणि ‘कांदा साठवणगृह’ असा शब्द घडवतो. नाशिककडच्या शेतकऱ्याला कांदाचाळ म्हणजे हवा खेळती राहील अशा फटी ठेवून उभारलेली लांबट शेड हे सांगावे लागत नाही, आणि शासनाच्या योजनांतही कांदाचाळ हाच शब्द आहे. उलट फळे, बटाटा, बेदाणा यांच्यासाठी शीतगृह. बोलण्यात ‘कोल्ड स्टोअरेज’ चालते आणि सांगली-तासगाव भागात तेच ऐकू येते, तरी लेखी मजकुरात शीतगृह सहज समजते.

कडबा आणि वैरण रचून ठेवली जाते ती गंजी. ती इमारत नव्हे, रचना आहे, म्हणून ‘गंजीत ठेवला’ यापेक्षा ‘गंजी घातली’ किंवा ‘गंजी रचली’ हे अधिक स्वाभाविक. स्फोटकांसाठी दारूकोठार, शस्त्रांसाठी शस्त्रागार. इंधनासाठी डेपो आणि पंप हे इंग्रजी शब्दच रूढ आहेत. त्यांना मराठी वेष चढवण्याच्या भानगडीत पडू नये.

विक्रीकडे आलो तर सोन्याचांदीची सराफी पेढी, अन्नधान्याच्या घाऊक व्यापाराचे भुसार दुकान, घरगुती खरेदीचे किराणा दुकान किंवा वाण्याचे दुकान, बियाणे-खतांचे कृषी सेवा केंद्र. पेढी हा शब्द पैशाच्या आणि सराफीच्या व्यवहाराशी जोडलेला आहे. हल्ली चपलांच्या आणि कपड्यांच्या दुकानांवरही ‘पेढी’ झळकते, जुनेपणाचा दिमाख आणण्यासाठी. पाटीवर मालकाला काय हवे ते त्याने लिहावे. बातमीत मात्र त्याचे वर्णन ‘दुकान’ असेच करावे.

औषधांच्या बाबतीत एक सावधगिरी. दवाखाना म्हणजे रुग्ण तपासण्याची जागा. औषधे विकली जातात ते औषधांचे दुकान, बोलीत ‘मेडिकल’. हिंदीतून किंवा जुन्या मजकुरातून भाषांतर करताना हे दोन उलटेपालटे होतात.

तपासणी: निवडलेल्या शब्दापुढे मालाचे नाव जोडून मोठ्याने म्हणा. ‘लाकडाची वखार’ चालते, ‘साड्यांची वखार’ अडखळते. ‘धान्याचे कोठार’ चालते, ‘मोबाइलचे कोठार’ अडखळते. कान अडखळला तर टप्पा दोनकडे परत जा.

## टप्पा ४: जागा एक आहे की जागांचा समूह

‘मार्केट’ या एका शब्दामुळे इथे फार गोंधळ होतो, कारण तो एका इमारतीलाही लागतो, शेकडो दुकानांच्या वस्तीलाही लागतो आणि मागणी-पुरवठ्याच्या अमूर्त कल्पनेलाही. मराठीत या तीन गोष्टींना वेगळे शब्द आहेत.

भाजीपाला आणि फळे यांचा, बहुधा छपराखाली भरणारा शहरातला बाजार म्हणजे मंडई. पुण्याची महात्मा फुले मंडई हे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. त्यासाठी ‘मंडी’ लिहिणे हा हिंदीचा प्रभाव आहे, आणि शेतमालाच्या बातम्यांत तो वाढत चालला आहे. गावात ठरलेल्या वारी भरतो तो आठवडी बाजार. मालाची किंवा कारागिरांची एका ओळीत वसलेली वस्ती म्हणजे आळी, जशी तांबट आळी. पेठ हा शब्द आता फसवा झाला आहे: पुण्यातल्या पेठा आज प्रामुख्याने राहत्या वस्त्यांची नावे आहेत, त्यामुळे ‘पेठेत खरेदी केली’ हे वाक्य कोणत्या गावाबद्दल आहे ते पाहूनच लिहावे. अमूर्त अर्थासाठी बाजारपेठ हा शब्द उत्तम, उदाहरणार्थ ‘आंब्याला आखाती देशांत बाजारपेठ आहे’.

कृषी उत्पन्न बाजार समितीच्या संदर्भात तीन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात. बाजार समिती ही संस्था आहे, जागा नव्हे. बाजार क्षेत्र म्हणजे त्या समितीचा अधिकार जिथवर चालतो तो प्रदेश. आणि बाजार आवार म्हणजे प्रत्यक्ष लिलाव आणि तोलाई चालते ती जागा, मुख्य किंवा उपबाजाराची. ‘शेतकऱ्यांनी बाजार समितीत कांदा आणला’ हे बोलण्यात रुळले आहे आणि बातमीतही खपते. पण अर्ज, तक्रार किंवा ठराव लिहिताना ‘बाजार समितीच्या आवारात’ असे लिहावे, कारण समितीवर आक्षेप घेणे आणि आवारातील सोयींवर आक्षेप घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

इशारा: ‘बाजार क्षेत्राबाहेर’ आणि ‘बाजार आवाराबाहेर’ यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. मूळ मजकुरात कोणता शब्द आहे ते दोनदा वाचल्याशिवाय बदल करू नका.

## टप्पा ५: बांधणी पाहून शब्द नेमका करा

हा टप्पा मुख्यतः विक्रीच्या जागांना लागू आहे. ‘दुकान’ हा व्यवसायाचा शब्द आहे, तर ‘गाळा’ हा बांधकामाचा. व्यापारी संकुलात गाळा भाड्याने घेतला जातो आणि त्यात दुकान थाटले जाते. भाडेकरारात ‘दुकान भाड्याने देत आहे’ असे लिहिले, तर आतला माल आणि चालू व्यवसायही दिला की काय असा वाद उकरून काढायला वाव राहतो. ‘दुकान गाळा क्रमांक अमुक’ असे लिहिले की तो वाव बंद होतो.

एका जागी रोवलेली छोटी, पत्र्याची किंवा लाकडी ती टपरी किंवा खोका. चाकांवरची ती हातगाडी. जमिनीवर कापड अंथरून मांडलेली ती पथारी. आठवडी बाजारात किंवा जत्रेत बांबूवर कापड ताणून उभारलेले ते पाल. प्रदर्शनातला तो स्टॉल, आणि त्याला दालन म्हणणे हे बहुतेक वेळा अतिशयोक्त असते, कारण दालन म्हटले की चार भिंती आणि ऐसपैसपणा अपेक्षित असतो. अतिक्रमणविरोधी कारवाईच्या बातमीत टपरी, हातगाडी आणि पथारी या तिघांना ‘दुकाने’ म्हटले, तर बातमीचा अर्थच बदलतो.

## टप्पा ६: प्रदेश आणि काळ जुळवा

मराठवाड्यात शेतमालाच्या घाऊक बाजाराला मोंढा म्हणतात. नांदेड, परभणी, लातूरकडच्या वाचकाला ‘मोंढ्यात आवक वाढली’ हे एका दमात समजते. त्याच बातमीत ‘मार्केट यार्डात’ लिहिले तर समजते, पण परके वाटते. पुण्या-सांगलीकडे नेमके याच्या उलट. राज्यभर वाचल्या जाणाऱ्या मजकुरात पहिल्या वेळी ‘मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारात’ असे एकदा लिहून पुढे मोंढाच चालू ठेवावा. शिधापत्रिकेच्या दुकानाचेही असेच: मुंबईत शिधावाटप दुकान, राज्यात इतरत्र रास्तभाव दुकान, आणि सगळ्यांच्या तोंडी रेशनचे दुकान.

काळाबाबतची चूक अधिक गंभीर आहे, आणि ती बहुतेक भाषांतरातून येते. सतराव्या शतकातील इंग्रजांच्या सुरतेतील किंवा राजापुरातील ठाण्याला इंग्रजी कागदांत ‘फॅक्टरी’ हा आज कारखान्यासाठी वापरला जाणारा शब्द आहे, म्हणून ‘इंग्रजांनी सुरतेत कारखाना काढला’ असे वाक्य अनेकदा छापून येते. तिथे काहीही तयार होत नव्हते. माल खरेदी करून साठवण्याचे आणि कंपनीच्या माणसांनी राहून व्यापार करण्याचे ते ठिकाण होते. त्याला मराठीत वखारच म्हणतात. याची उलटी बाजूही आहे: शिवकालीन व्यवस्थेतील ‘अठरा कारखाने’ म्हणजे यंत्रे चालणारे उद्योग नव्हेत, तर राज्याची निरनिराळ्या वस्तूंची खाती. किल्ल्यांवरील धान्याच्या साठ्यासाठी अंबारखाना हा शब्द जसाच्या तसा ठेवावा. पन्हाळ्यावरील गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठ्यांना ‘गोदामे’ म्हणणे चुकीचे नसले तरी बेसूर आहे.

‘कोठी’बद्दल आणखी एक. हिंदीत कोठी म्हणजे मोठे घर किंवा बंगला. हिंदी मजकुरातील कोठी मराठीत तशीच उतरवली, तर वाचक तिथे धान्याची पोती शोधू लागतो.

तपासणी: तुमचा वाचक त्या भागातला आहे का, आणि प्रसंग आजचा आहे का? दोन्हीचे उत्तर ‘होय’ असेल तरच स्थानिक शब्द स्पष्टीकरणाशिवाय ठेवा.

## टप्पा ७: अधिकृत नावाला हात लावू नका

आधीच्या सहा टप्प्यांत जे ठरले, ते संस्था, कायदा आणि नोंदणी यांपुढे बाजूला ठेवावे लागते. ‘राज्य गोदाम महामंडळ’ असे लिहून वखार महामंडळाचे नाव सुधारता येत नाही. बाजार समित्यांचा १९६३ चा अधिनियम ‘कृषि उत्पन्न पणन’ असे म्हणतो, तर त्याचा उल्लेख करताना पणनच्या जागी विक्री घालू नये.

वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत व्यवसायाचे मुख्य ठिकाण आणि अतिरिक्त ठिकाणे वेगवेगळी नोंदवली जातात, आणि गोदाम हेही व्यवसायाचे ठिकाण मानले जाते. त्यामुळे करारात त्या जागेला ‘गोदाम’ आणि नोंदणीत ‘दुकान’ असे दोन निराळे उल्लेख ठेवणे म्हणजे पुढच्या पडताळणीत खुलासा देत बसण्याची तजवीज करणे होय. दोन्ही कागद शेजारी ठेवून शब्द जुळवून घ्या.

पाटीविषयी थोडेच. २०२२ मधील दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी नामफलकाची अट लागू झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपींतील अक्षरांहून लहान चालत नाहीत. फलकावर इंग्रजी नाव नुसते देवनागरीत उतरवणारे पुष्कळ आहेत. ते चालत असले, तरी खाली लहान ओळीत ‘घाऊक भुसार व्यापारी’ किंवा ‘इमारती लाकडाची वखार’ असे लिहिल्याने गिऱ्हाइकाला आत काय मिळते ते कळते.

## टप्पा ८: लिंग, रूप आणि क्रियापद तपासा

शब्द बरोबर निवडूनही वाक्य बिघडते ते इथे. वखार, पेढी, मंडई, पेठ, कणगी, टपरी आणि चाळ हे स्त्रीलिंगी. गोदाम, कोठार, भांडार, दुकान, पेव, आगार आणि आवार हे नपुंसकलिंगी. बाजार, मोंढा, गाळा आणि खोका हे पुल्लिंगी. गोदामाला ‘तो गोदाम’ करणे ही हिंदीची सवय आहे. अनेकवचनात वखारी, गोदामे, पेढ्या, मंडया, मोंढे, गाळे. ‘पाल’ मात्र जपून: बाजारातले ते पाल नपुंसकलिंगी, भिंतीवरची ती पाल स्त्रीलिंगी, आणि ‘बाजारात पाल पडली’ असे छापले गेले तर वाचक दचकेल.

‘भांडार’ लिहिताना काना विसरू नका आणि शेवटी जास्तीचाही देऊ नका. भंडारा हा जेजुरीला उधळतात तो, किंवा जेवणावळीचा, किंवा विदर्भातला जिल्हा.

विभक्तीप्रत्ययाने अर्थ हलतो. दुकानात बसलेला माणूस गिऱ्हाईक असू शकतो. दुकानावर किंवा पेढीवर बसतो तो व्यवहार पाहणारा. चहा टपरीवर पितात, टपरीत नाही. माल गोदामात, वखारीत, पेवात जातो, पण गाडी आगारात लागते.

क्रियापदेही ठरलेली आहेत. बाजार भरतो, दुकान थाटतात, पाल ठोकतात, पथारी पसरतात, पेढी चालवतात. ‘बाजार उठला’ हे आठवडी बाजाराविषयी असेल तर दिवसाचा व्यवहार संपला एवढेच, आणि माणसाविषयी असेल तर त्याची वाताहत. ‘पेव फुटले’ हा वाक्प्रचार तर साठवणीशी नाते सोडून गेला आहे. गोदामांची संख्या अचानक वाढल्याच्या बातमीत ‘गोदामांचे पेव फुटले’ असे लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा.

## टप्पा ९: एक वाक्य पूर्ण तपासून पाहा

सरावासाठी पुढचे वाक्य घ्या. ते लातूरकडच्या वाचकांसाठीच्या मजकुरात आले आहे असे समजा.

‘शेतकऱ्याने सोयाबीन मंडीतील कोठारात ठेवून पावती घेतली, तीन महिन्यांनी तो मंडईतील दुकानदाराला विकला आणि खरेदीदाराने तो आपल्या वखारीत नेला.’

पहिल्या टप्प्याने कळते की इथे साठवण, विक्री आणि पुन्हा साठवण अशा तीन वेगळ्या जागा आहेत. दुसऱ्याने पहिली आणि तिसरी वेगळी होते: पावती देऊन दुसऱ्याचा माल सांभाळणारी ती वखार, आणि खरेदीदाराचा स्वतःचा माल राहतो ते गोदाम. म्हणजे मूळ वाक्यात वखार अगदी चुकीच्या टोकाला गेली आहे. मधली जागा ही दुसऱ्याचा माल विकून देणारी आहे, म्हणून दुकानदार नव्हे तर अडत्या. सोयाबीन भाजी नव्हे, त्यामुळे मंडई बाद. प्रदेश मराठवाडा, त्यामुळे मोंढा. आठव्या टप्प्यात सोयाबीनचे लिंगही सुधारते, कारण ते नपुंसकलिंगी आहे.

‘शेतकऱ्याने सोयाबीन वखार महामंडळाच्या केंद्रात ठेवून वखार पावती घेतली, तीन महिन्यांनी ते मोंढ्यातील अडत दुकानामार्फत विकले आणि खरेदीदाराने ते आपल्या गोदामात नेले.’

पावती महामंडळाची नसून खासगी वखारीची असेल, तर ‘महामंडळाच्या केंद्रात’ हे शब्द काढून ‘खासगी वखारीत’ असे लिहावे आणि त्या वखारीचे नोंदणीतील नाव जोडावे. पावती हातात घेऊन हे ठरवा, आठवणीवर नको.